चिखलाचं चक्रवाढ व्याज

गेले तीन विकांत मी चिखलात घालवले. घराबाहेर पाऊलसुद्धा न टाकता. डिकन्सचं 'ब्लीक हाउस' वाचत होतो.

हे पुस्तक कॉलेजात असताना एकदा हातात घेतलं होतं. पहिल्या परिच्छेदात नुसता चिखल, दुसऱ्यात नुसतं धुकं. म्हटलं, कथा कधी सुरू होणार? ठेवून दिलं. इतक्या वर्षांनी परत उघडलं तेव्हा ट्यूब पेटली, की कथा तिथेच सुरू झाली होती, मलाच कळलं नव्हतं.

प्रसंग असा. नोव्हेंबरातलं लंडन. लिंकन्स इन या वकिलांच्या वस्तीत लॉर्ड चॅन्सेलरचं कोर्ट भरलंय. बाहेर रस्त्यावर इतका चिखल, की जणू पृथ्वीवरचं आदिम पाणी आत्ताच ओसरलंय आणि एखादा चाळीसेक फुटी मेगॅलोसॉरस होबर्नचा चढ चढताना दिसला तरी नवल वाटू नये! (हे नुसतं लेखकाचं लहरीपण नाही हं. मेगॅलोसॉरसचं बारसं 1824 साली झालं होतं आणि 'डायनोसॉर' हा शब्द 1842 चा. म्हणजे 1852 च्या वाचकासाठी ही अगदी ताजी बातमी.) पादचारी घसरताहेत, आणि प्रत्येक घसरणारा आधीच्या थरावर आपला एक थर चढवून जातोय. चिखल चक्रवाढ व्याजाने साचतोय, असं डिकन्स म्हणतो. माझं डोकं अडकलं ते या हिशेबी शब्दावर. चिखलाला व्याज? पुढे वाचल्यावर कळलं की अख्ख्या कादंबरीचं इंजिन या एका विनोदात आहे.

पण रूपकाकडे जाण्याआधी खऱ्या चिखलाकडे जाऊ. कारण आपण मराठी माणसं चिखल म्हटलं की पाऊस, शेत, भाताचे गुडघे, असला काहीतरी रम्य प्रकार डोळ्यांसमोर आणतो. लंडनचा चिखल मातीचा नव्हताच मुळी. तो मुख्यतः घोड्यांच्या लिदीचा होता. 1851 च्या जनगणनेत लंडनची वस्ती साडेतेवीस लाखांच्या आसपास होती. एवढ्या लोकांचं जाणं-येणं, माल, दूध, कोळसा, सगळं घोड्यांवर. त्यात मॅकॅडमचे खडीचे रस्ते (आपले सिव्हिलवाले मित्र अजूनही 'मॅकॅडम' म्हणतात ते याच गृहस्थांच्या नावाने). लोखंडी धावांची चाकं ही खडी दळायची, तिचा भुगा लिदीत मिसळायचा, वरून लाखो धुराड्यांची काजळी, आणि त्यावर लंडनचा तो पिरपिऱ्या पाऊस. काळा, चिकट, वास मारणारा रांधा. कपड्याला लागला की सहजी निघायचा नाही. आणि बायकांचे झगे जमिनीपर्यंत.

आता जिथे घाण तिथे धंदा. हेन्री मेह्यू नावाचा पत्रकार 1850 च्या आसपास लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेत फिरत होता. त्यातून 'लंडन लेबर अँड द लंडन पुअर' हे अफाट पुस्तक झालं. त्यात चिखलावर जगणाऱ्यांची आख्खी उतरंड आहे. रस्त्यावरचा चिखल गोळा करून खत म्हणून विकणारे आहेत. ओहोटीच्या वेळी थेम्सच्या गाळात उतरून कोळशाचे तुकडे, लोखंड, दोरखंड शोधणारी पोरं आहेत. आणि झाडू घेऊन रस्त्याच्या नाक्यावर उभे राहणारे 'क्रॉसिंग स्वीपर' आहेत. यांचं काम काय, तर चिखलातून एक पट्टा झाडून वाट करायची, म्हणजे साहेब-मडमा बूट न बरबटता पलीकडे जातील. पगार नाही. कोणी पेनी दिली तर दिली. मेह्यूचं निरीक्षण मार्मिक आहे: या धंद्याला भांडवल म्हणजे फक्त एक झाडू, आणि हातात झाडू असला की माणूस भिकारी ठरत नाही.

'ब्लीक हाउस'मधला जो हा असाच एक पोरगा. आडनाव नाही, आई-बाप नाहीत, अक्षरओळख नाही. एका चौकशीत त्याची साक्ष घ्यायला बोलावतात आणि त्याला शपथेचा अर्थ सांगता येत नाही म्हणून हाकलून देतात. हा प्रसंग डिकन्सने हवेतून काढलेला नाही. जानेवारी 1850 मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये जॉर्ज रूबी नावाच्या चौदा वर्षांच्या झाडूवाल्या पोराची साक्ष अगदी याच कारणाने नाकारली गेली होती. त्याला शपथ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. झालं!

इथे थोडं मागे, आणि खाडी ओलांडून पॅरिसला जातो. कारण चिखलाला समाजाच्या मोजपट्टीसारखं वापरण्याचा मान माझ्या मते बाल्झाकचा आहे. त्याची 'पेर गोरिओ' ही कादंबरी 1834-35 मधली, कथा घडते 1819 साली. त्या काळी पॅरिसच्या बहुतेक जुन्या रस्त्यांना फुटपाथ नव्हते आणि गटार रस्त्याच्या मधोमध वाहायचं. गावाकडून कायदा शिकायला आलेला गरीब पण घराणेदार तरुण, रास्तिन्याक, एका काउंटेसच्या घरी निघालाय. चालत. कारण गाडीला पैसे नाहीत. हजार काळज्या घेत, पाय जपत चालतो आणि तरी व्हायचं ते होतंच. मग वाटेत बूट पॉलिश करून घ्यायचे, पँट ब्रश करून घ्यायची, अडीनडीला ठेवलेलं नाणं मोडायचं. इतकं करून तिथे पोचतो, तर अंगणातले नोकर त्याला बघून ओळखतात, की फाटकात गाडीचा आवाज झालेला नाही.

संपलं. तोंड उघडायच्या आधी मुलाखतीत नापास.

मला हा प्रसंग वाचताना पोटात गोळा आला, कारण माझी पहिली नोकरीची मुलाखत जुलैत होती आणि मी बसने गेलो होतो. लॉबीतल्या त्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर माझ्या बुटांचे ठसे दारापासून रिसेप्शनपर्यंत उमटले होते आणि मी बसलो होतो त्या सोफ्यावरून ते मला पूर्ण वेळ दिसत होते. एक बाई आली आणि काही न बोलता ते पुसून गेली. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. आज माझ्याकडे गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या चाकाखालचं डबकं एका माणसाच्या इस्त्रीच्या शर्टावर उडालं. मागे सिग्नलपर्यंत हॉर्न वाजत होते, थांबता आलं नाही. (आलं असतं. थांबलो नाही.) आरशात दिसलं, तो रुमाल काढत होता. असो.

तर बाल्झाक. याच कादंबरीत व्होत्रां नावाचा पळालेला कैदी रास्तिन्याकची मस्त फिरकी घेतो. पोरगा वैतागून म्हणतो की हे तुमचं पॅरिस म्हणजे चिखलाचा डोह आहे. व्होत्रांचं म्हणणं असं, की डोह आहेच, पण गमतीचा आहे: यात गाडीत बसून बरबटणारे सभ्य गणले जातात आणि पायी बरबटणारे लबाड. आणि सरदार घराण्यातली एक बाई, मादाम द बोसेआं, एका बँकरच्या बायकोबद्दल सांगते, की माझ्या दिवाणखान्यात प्रवेश मिळावा म्हणून ती मधल्या दोन रस्त्यांमधला सगळा चिखल चाटायला तयार होईल. बँकरची बायको! पैसा आहे, गाडी आहे, पण वरच्या पायरीवरून पाहिलं तर तीही चिखलातच. म्हणजे बाल्झाकच्या नकाशात चिखल कुठे आहे हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. प्रत्येकाला आपल्या खालची पायरी बरबटलेली दिसते.

हे फार हुशारीचं आहे, पण एका बाबतीत बाल्झाकचा चिखल सोयीचाही आहे. त्यातून बाहेर पडता येतं. पैसा, ओळखी, थोडी निर्लज्जता असली की झालं. रास्तिन्याक पडतोही, बाल्झाकच्या पुढच्या कादंबऱ्यांत तो मंत्रिपदापर्यंत जातो. डिकन्सने ही बाहेर पडायची वाटच बंद केली.

ती कशी, ते बघण्यासारखं आहे. जो ज्या झोपडपट्टीत झोपतो ती 'टॉम-ऑल-अलोन्स'. घरं कोसळताहेत, कोणी डागडुजी करत नाही. का? तर ती मालमत्ता वारसाच्या एका खटल्यात अडकली आहे. कोर्टात निकाल नाही म्हणून मालक नाही, मालक नाही म्हणून दुरुस्ती नाही. त्या कुजक्या गल्लीत रोग माजतो. जो आजारी पडतो. पोलीस त्याला कुठेच थांबू देत नाहीत, 'पुढे चल, पुढे चल' करत हाकलतात, त्यामुळे तो लंडनबाहेर सेंट ऑल्बन्सपर्यंत भटकत जातो. तिथे त्याच खटल्यातल्या एका वारसाचं घर आहे. त्या घरातली चार्ली ही छोटी मोलकरीण जो ची काळजी घेते आणि आजारी पडते. तिची शुश्रूषा करताना घरातली तरुण मुलगी, एस्थर, आजारी पडते आणि तिचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. रोगाचं नाव पुस्तकात नाही. बहुतेक जण देवी समजतात. आणि ही एस्थर कोण, तर लेडी डेडलॉक या सगळ्यात उंच पायरीवरच्या बाईची, जगापासून लपवलेली मुलगी.

आमच्या धंद्यात बग शोधताना असाच उलटा माग काढतात. सर्व्हर का पडला, तर मेमरी संपली. मेमरी का संपली, तर अमुक प्रोसेस अडकली. ती का अडकली, तर कोणीतरी कुलूप लावून ठेवलंय आणि सोडत नाहीये. डिकन्सचं कुलूप म्हणजे चॅन्सरी कोर्ट. पहिल्या पानावर त्याने चिखल आणि कोर्ट शेजारी ठेवले ते नुसते एकासारखं दुसरं म्हणून नाहीत. कोर्टाने चिखल तयार केलाय, आणि तो व्याजासकट परत येतोय.

चॅन्सरीवरचा राग उसना नव्हता. डिकन्स पंधराव्या वर्षी वकिलाकडे कारकून होता, मग कोर्टांत लघुलेखक. 1844 साली 'ख्रिसमस कॅरोल'ची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांविरुद्ध तो चॅन्सरीत गेला आणि जिंकला. प्रतिवादींनी दिवाळं जाहीर केलं आणि जिंकलेल्या डिकन्सला खर्चापोटी सुमारे 700 पौंड भरावे लागले! कादंबरीतला 'जार्नडिस विरुद्ध जार्नडिस' हा खटला संपतो तोही असाच. निकाल लागत नाही, तर ज्या इस्टेटीसाठी भांडण होतं ती सगळी खर्चातच संपून जाते. खऱ्या जगात जेनेन्स घराण्याच्या इस्टेटीवरचं भांडण 1798 साली सुरू झालं आणि 1915 पर्यंत, पैसे उरेनात तोवर, रेंगाळलं.

आणि संसर्गाची साखळी? तीही डिकन्सच्या मनात आधीपासून होती. 1848-49 च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये 14 हजारांवर माणसं मेली होती. त्याच्या बहिणीचा नवरा हेन्री ऑस्टिन सरकारच्या आरोग्य मंडळाचा सचिव होता, त्यामुळे गटारांचे अहवाल डिकन्सच्या घरापर्यंत येत असणार. मे 1851 मध्ये आरोग्यसुधारकांच्या एका सभेत त्याने सांगितलं होतं, की पूर्वेचा वारा सुटला की गरिबांच्या गल्लीतली हवा श्रीमंतांच्या मेफेअरमध्ये जाणारच. (शास्त्र चुकीचं होतं. रोग दुर्गंधीतून पसरतो ही तेव्हाची समजूत. कॉलरा पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो तेव्हा सांगत होता, पण ऐकणारे थोडे.) चुकीच्या शास्त्रातून त्याने समाजाबद्दल काढलेला निष्कर्ष मात्र 1858 साली शब्दशः खरा ठरला. त्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी नदीकाठच्या पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले तरी बसवेना. वर्षानुवर्षं कमिट्यांत आणि टिपणांत अडकलेलं गटारांचं काम सुरू करणारं विधेयक तीन आठवड्यांच्या आत कायदा झालं, आणि जोसेफ बॅझलजेटने ती प्रचंड गटारं बांधली. हजारोंच्या मरणाने जे हललं नव्हतं ते खासदारांच्या नाकाने हललं.

आपल्याकडे चिखलाचं रूपक वेगळं चालतं. चिखलात दगड टाकला की शिंतोडे आपल्याच अंगावर, चिखलफेक, आणि अर्थातच पंकज. म्हणजे चिखल हा माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न; तू कमळ हो, म्हणजे झालं. गंमत म्हणजे तरुण डिकन्सही कमळवालाच होता. 'ऑलिव्हर ट्विस्ट' (1837-39) मधला पोरगा अनाथाश्रमात आणि चोरांत वाढूनही शुद्ध, सोज्वळ इंग्रजी बोलतो! पंधरा वर्षांनी तोच लेखक एस्थरसारखी निर्मळ मुलगी उभी करतो आणि तिच्या चेहऱ्यावर रोगाचे व्रण ठेवतो. मन स्वच्छ ठेवलंस, छान; पण पाणी तेच पितेस ना? मला ही वाढ फार मोठी वाटते, आणि 'ऑलिव्हर' शाळेत आणि 'ब्लीक हाउस' कपाटात, हे आपल्या वाचनाचं दुर्दैव वाटतं.

ह्यूगोबद्दल थोडक्यात, कारण त्याने थोडक्यात काहीच लिहिलेलं नाही. 'ले मिझराब्ल' (1862) मध्ये झाँ व्हालझाँ जखमी मारियुसला पाठीवर घेऊन पॅरिसच्या भुयारी गटारातून नेतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी ह्यूगो कथा थांबवून गटारांचा इतिहास सांगतो, हे बहुतेकांनी गाळलेलं असतं. तिथे त्याचा हिशेब असा, की पॅरिस दरवर्षी अडीच कोटी फ्रँकचं खत नदीत सोडून देतं. ह्यूगोसाठी ही घाण म्हणजे शहराने फेकून दिलेली संपत्ती आणि झाकून ठेवलेलं सत्य. व्हालझाँ बाहेर येतो तेव्हा इतका बरबटलेला असतो की जन्मभर पाठलाग करणारा जाव्हेरसुद्धा त्याला आधी ओळखत नाही. सुंदर आहे. पण ह्यूगोचा चिखल मला जरा जास्तच भव्य वाटतो; त्यात पडलेला माणूस संत होऊनच निघतो. डिकन्सच्या चिखलात जो सारखा पोरगा नुसता मरतो.

आणि तरीही चिखलाचा माझा सर्वात आवडता प्रसंग 'ब्लीक हाउस'मधलाच. लेडी डेडलॉकचा जुना प्रियकर, कागदपत्रं नकलून पोट भरणारा एक निनावी माणूस, मेला आहे. त्याला कुठे पुरलं ते बघायला ती मोलकरणीचे कपडे घालून येते आणि जो ला वाट दाखवायला सांगते. कपडे साधे, चेहरा झाकलेला. पण पायांना चिखलाची सवय नाही. त्या पावलांवरून कळतं की ही बाई कधी रस्त्यावर चाललेली नाही. बाल्झाककडे चिखल गरिबाचं बिंग फोडतो; इथे श्रीमंतीचं बिंग फोडलंय.

जो तिला दफनभूमीच्या लोखंडी फाटकाशी नेतो. शहराच्या पोटातली, गच्च भरलेली, प्रेतांवर प्रेतं रचलेली जागा. (असल्या दफनभूम्या बंद करायचा कायदा 1852 चा, म्हणजे कादंबरी क्रमशः छापून येत असतानाचा.) बाई बघते, शहारते, त्याच्या हातावर सोन्याचं नाणं ठेवते आणि निघून जाते.

पण जो तिथे त्याआधीही एकदा येऊन गेलेला असतो. त्या निनावी माणसाने त्याला कधीमधी चार पैसे दिलेले असतात, आणि पैसे नसले की आज मीही तुझ्याइतकाच गरीब आहे, असं सांगितलेलं असतं. त्याला पुरलं त्या रात्री जो फाटकाशी येतो. गजांतून आत बघतो. मग आपल्या झाडूने ती पायरी झाडतो, कमानीखालची जागा साफ करतो, परत एकदा आत बघतो आणि जातो. त्या रात्री त्या झाडण्याचे त्याला कोणी पैसे देणार नसतं.